उन्हाळ्यातली मरगळ : स्पर्धा नंतर, आधी रजा, पाणी आणि पाळ्या

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळा सुरू झाला की कार्यालयांत आणि कारखान्यांत एक तक्रार हमखास कानावर येते : माणसांचे कामात लक्ष नाही. त्यावरचे उपायही ठरलेले असतात. एखादी स्पर्धा, एक सहल, शुक्रवारी दुपारी खेळ. मनुष्यबळ आणि कामगार-सुरक्षेचे काम पाहणाऱ्या आम्हा मंडळींना हे उपाय वाईट वाटत नाहीत, पण त्यांचा क्रम चुकतो आहे हे ठामपणे सांगावेसे वाटते. ज्याचा रजेचा अर्ज तीन आठवडे निर्णयाविना पडून आहे, रजेवर गेलेल्या दोघांचे काम ज्याच्या अंगावर आले आहे आणि ज्याला भर दुपारी पत्र्याच्या शेडखाली उभे राहायचे आहे, त्याचे मन स्पर्धेत लागणार नाही. ते कामात लागावे असे वाटत असेल, तर आधी या तीन गोष्टी मार्गी लावाव्या लागतात.

कामात मनापासून उतरणे म्हणजे नेमके काय, यावरचा मूलभूत अभ्यास मानसशास्त्रज्ञ विल्यम कान यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केला. त्यांनी अभ्यासासाठी निवडलेल्या दोन ठिकाणांपैकी एक वास्तुरचनाकारांचे कार्यालय होते आणि दुसरे चक्क उन्हाळी शिबिर. माणूस कामात उतरतो की नाही हे त्यांच्या मते तीन गोष्टींवर ठरते : काम करण्यात अर्थ वाटणे, मोकळेपणाने वागले-बोलले तर अंगाशी येणार नाही याची खात्री, आणि त्या घडीला अंगात व मनात तेवढे बळ शिल्लक असणे. उन्हाळा घाव घालतो तो मुख्यतः तिसऱ्या गोष्टीवर. रात्र गरम असली की झोप उशिरा लागते आणि लवकर मोडते. मुलांच्या शाळा बंद असतात. निम्मे सहकारी रजेवर असतात. अशा वेळी बळ शिल्लक राहील अशी कामाची मांडणी न करता नुसता उत्साह मागणे हा माणसांवर अन्याय आहे.

सुरुवात निदानापासून करावी, कारण उन्हाळ्यातली मरगळ वरून एकसारखी दिसली तरी तिची कारणे निराळी असतात. मागच्या उन्हाळ्याचे मस्टर, रजेचे रजिस्टर आणि रखडलेल्या कामांची यादी शेजारी शेजारी ठेवा. चुका आणि वाया गेलेला माल दुपारी दोननंतर वाढत असेल, तर कारण बहुधा उष्णता. सकाळी उशिरा येणे आणि आयत्या वेळी घेतलेली एका दिवसाची रजा वाढली असेल, तर घरची ओढाताण. काम वेळेत सुरू होऊन मध्येच कुणाच्या तरी सहीसाठी किंवा माहितीसाठी ताटकळत असेल, तर गैरहजेरीचे नियोजन चुकले आहे. या तिन्हींवर एकच औषध चालत नाही. उष्णतेच्या दुखण्यावर लवचीक वेळेची गोळी दिली किंवा घरच्या ओढाताणीवर नवे पंखे बसवले, तर खर्च होतो आणि तक्रार तशीच राहते. हे निदान करायला एका माणसाला एक दिवस पुरतो. तेवढेही बहुतेक ठिकाणी केले जात नाही.

आता रजेविषयी सविस्तर लिहितो, कारण उन्हाळ्यातला सगळ्यात जास्त राग आम्हाला इथेच साठलेला दिसतो.

एक साधे गणित घ्या. बारा जणांचा गट आहे, उन्हाळा बारा आठवड्यांचा आहे आणि प्रत्येकाला दोन आठवडे रजा हवी आहे. एकूण झाले २४ माणूस-आठवडे. रजा सारखी पसरली तर कोणत्याही आठवड्यात दोघेच गैरहजर असतील, म्हणजे काही अडायचे कारण नाही. पण सगळ्यांना तेच चार आठवडे हवे असतात आणि सगळे अर्ज मंजूर केले, तर त्या चार आठवड्यांत सहा जण, म्हणजे निम्मा गट, गैरहजर. अडचण रजेच्या एकूण दिवसांची नसून गर्दीची आहे. गर्दीच्या आठवड्यांत एका वेळी तिघे अशी मर्यादा घातली, तर चार आठवड्यांत सहा जणांची पूर्ण रजा बसते. उरलेल्या सहा जणांची बाकीच्या आठ आठवड्यांत सहज बसते. मग प्रश्न उरतो तो फक्त गर्दीच्या आठवड्यांत कोणाला जाऊ द्यायचे एवढाच.

इथे ‘आधी येईल त्याला’ हा नियम सर्रास वापरला जातो. तो सोपा आहे, पण न्याय्य नाही. ज्याच्या घरचे बेत लवकर ठरतात तोच दर वर्षी जिंकतो. ज्येष्ठतेने रजा दिली तर नव्या माणसाला कित्येक वर्षे उन्हाळी रजा मिळत नाही. मुले असलेल्यांना सरसकट आधी दिली तर अविवाहित किंवा मूल नसलेल्या सहकाऱ्यांना कायम उरलेसुरले आठवडे घ्यावे लागतात, आणि ते तोंडाने बोलत नसले तरी मनातून तुटत जातात. टिकणारी पद्धत अशी : उन्हाळ्याच्या आठ ते दहा आठवडे आधी प्रत्येकाकडून पसंतीक्रमाने तीन पर्याय लेखी घ्यावेत. मागच्या वर्षी ज्यांना गर्दीचे आठवडे मिळाले, त्यांचा क्रम या वर्षी मागे. शाळेच्या तारखा, घरचे लग्नकार्य, आजारपण अशा बांधलेल्या कारणांची वेगळी नोंद ठेवावी आणि त्यांना वजन द्यावे, मात्र त्या वजनाचा नियम आधीच सगळ्यांना सांगितलेला असावा. अर्ज घेण्याची मुदत संपल्यावर सात दिवसांत निर्णय, आणि पूर्ण तक्ता सगळ्यांना दिसेल अशा जागी. त्यानंतर दोघांनी आपसांत अदलाबदल केली तर काम जाणणारा माणूस हजर राहतो ना, एवढेच वरिष्ठांनी पाहावे.

मंजूर झालेली रजा रद्द करू नये. ‘काम आले आहे, चार दिवस पुढे ढकला’ हे वाक्य एकदा उच्चारले की पुढच्या वर्षी कोणी खरी तारीख सांगत नाही. लोक आजारपणाच्या रजेवर जातात, आणि ती तर आयत्या वेळीच कळते.

किमान किती माणसे हजर हवीत हे डोकी मोजून ठरवण्याची चूकही नेहमीची आहे. दहापैकी सात हजर आहेत म्हणून वरिष्ठ निर्धास्त असतात, पण पगाराचा हिशेब बंद करू शकणारा एकटाच माणूस त्या तिघांत गेलेला असतो. म्हणून कौशल्यांचा तक्ता करावा लागतो. आडव्या ओळींत माणसे, उभ्या रकान्यांत कामे. प्रत्येक चौकोनात ० ते ३ असा आकडा : ० म्हणजे माहीत नाही, १ म्हणजे मदतीने करतो, २ म्हणजे एकटा करतो, ३ म्हणजे दुसऱ्याला शिकवू शकतो. ज्या कामाविना दुसऱ्याच दिवशी गाडी अडते, अशा प्रत्येक रकान्यात २ किंवा ३ आकडा असलेली किमान दोन माणसे हवीत, आणि ती दोघे एकाच आठवड्यात रजेवर नसावीत. तक्ता भरताना आकडा त्या माणसाला स्वतःला टाकू द्यावा आणि मग सुपरवायझरने प्रत्यक्ष काम पाहून पक्का करावा. नुसता सुपरवायझरने भरलेला तक्ता हमखास आशावादी निघतो.

रकान्यात एकच माणूस दिसला, तर त्याची रजा अडवण्याऐवजी सहा आठवडे आधी दुसऱ्याला तयार करायला घ्यावे. ही तयारी ‘जरा शेजारी बसून बघ’ म्हणून होत नाही. शिकणाऱ्याने काम करायचे, जाणकाराने हात न लावता पाहायचे, आणि कामाची पूर्ण फेरी अशी किमान तीनदा व्हायची. कामाची टिपणे जाणकाराने लिहू नयेत, शिकणाऱ्याने लिहावीत. जाणकाराला ज्या पायऱ्या अंगवळणी पडलेल्या असतात त्या तो लिहायला विसरतो, आणि पुढे नवा माणूस तिथेच अडतो. महिन्यातून एकदाच येणारे काम असेल तर तीन फेऱ्यांना तीन महिने लागतात. अशा कामांची तयारी त्याहूनही आधी सुरू व्हायला हवी.

मग येते काम सोपवून जाणे. एक पान पुरते. त्या पानावर काय काय अर्धवट आहे, आता चेंडू कोणाकडे आहे, पुढची तारीख कोणती, कागद किंवा फाइल कुठे आहे आणि कोणता निर्णय बदली माणसाने स्वतः घ्यायचा, हे असावे. यातली शेवटची बाब सर्वांत जास्त राहून जाते. काम सोपवले जाते, अधिकार सोपवला जात नाही. बदली माणसाला कोणत्या रकमेपर्यंत मंजुरी देता येईल, कोणत्या ग्राहकाला कोणती सवलत देता येईल, कोणत्या दोषाचा माल परत पाठवता येईल हे लिहिलेले नसले, की तो रोज रजेवरच्या माणसाला फोन करतो. दोघांचेही नुकसान होते. जो गेला त्याची रजा मोडते आणि जो राहिला त्याला आपण नुसते निरोपे आहोत असे वाटते. हे पान शेवटच्या संध्याकाळी न देता रजेच्या दोन दिवस आधी द्यावे. त्या दोन दिवसांत बदली माणसाने काम हाती घ्यायचे आणि मूळ माणूस जवळ असताना शंका विचारायच्या. त्या दोन दिवसांत मूळ माणसाला नवे काम देऊ नये.

रजेवरच्या माणसाला फोन करायचाच झाला, तर तो फक्त खातेप्रमुखाने करावा आणि आधी ठरलेल्या एक-दोन कारणांसाठीच. खातेप्रमुखाने स्वतःच्या रजेतही हाच नियम पाळावा. साहेब रजेवरून रात्री अकराला संदेश पाठवू लागले की नियम कागदावर राहतो आणि सगळे रजेतही फोन उशाशी घेऊन झोपतात.

रजेचा ताजेपणा फार दिवस टिकत नाही. कामावर परतल्यावर दोन ते चार आठवड्यांत तो बहुतांशी ओसरतो, असे रजेवरील संशोधनात दिसून आले आहे. परतणाऱ्यापुढे पहिल्याच सकाळी शेकडो न वाचलेले संदेश आणि तीन बैठका ठेवल्या, तर तो त्याहूनही लवकर संपतो. परतल्यावरचा पहिला अर्धा दिवस बैठकांविना ठेवावा आणि बदली माणसाने त्याला पंधरा-वीस मिनिटांत काय झाले, काय राहिले हे समोरासमोर सांगावे. रजेच्या काळातले संदेश बदली माणसाकडे वळवलेले असले तर हा ढीग मुळात साचतच नाही.

रजेवर जाणाऱ्यांची काळजी निदान थोडी तरी घेतली जाते. मागे राहणाऱ्यांचा विचार फारच कमी होतो, आणि उन्हाळ्यात खऱ्या अर्थाने खचतात ते हेच लोक. एका माणसाने एका वेळी एकाचेच काम सांभाळावे, ही मर्यादा आम्ही अगदी आग्रहाने सांगतो. दोघांचे काम एकावर आले की तो तिन्ही कामे अर्धवट करतो, आणि ठपकाही त्याच्यावरच येतो. पण माणसे कमी आणि काम तेवढेच, तर ही मर्यादा पाळायची कशी? त्यासाठी थांबवायच्या कामांची यादी हवी. प्रत्येक खात्याने उन्हाळ्यापुरती कोणती कामे बंद किंवा कमी करायची ते लिहून काढावे : साप्ताहिक अहवाल पंधरवड्याला, कुणी न वाचणारे तक्ते बंद, एक तासाची बैठक २५ मिनिटांची, घाई नसलेल्या नव्या योजना उन्हाळ्यानंतर. ही यादी खातेप्रमुखाच्या सहीने जाहीर व्हावी. ‘तुमच्या पातळीवर बघून घ्या’ असे सांगितले तर कनिष्ठ माणूस भीतीपोटी काहीच थांबवत नाही.

काही व्यवसायांत उन्हाळा मंदीचा असतो, आणि तिथे उलटे दुखणे दिसते : हातात काम नाही, पण खुर्चीत बसून राहायचे. रिकामे बसणेही थकवते. अशा काळात जुन्या तक्रारींचे मूळ शोधणे, नोंदींची साफसफाई, साठ्याची मोजदाद, यंत्रांची राहून गेलेली देखभाल, नवे कौशल्य शिकणे ही कामे चांगली. मात्र ती चार ते सहा आठवड्यांत संपणारी असावीत, माणसाने दोन-तीन पर्यायांतून स्वतः निवडलेली असावीत, आणि आठवड्यातले ठरावीक दोन-तीन तास त्यांच्यासाठी राखलेले असावेत. ‘वेळ मिळेल तेव्हा करा’ म्हटले की ते काम होत नाही. आणखी एक नेहमीची चूक म्हणजे ज्याच्याकडून शिकायचे तोच दुसऱ्या आठवड्यात रजेवर जातो. रजेचा तक्ता पाहूनच अशा कामांच्या तारखा ठरवाव्यात.

आता उष्णता. कार्यालयातल्या कामावर तापमानाचा काय परिणाम होतो यावरच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित हिशेब सेप्पानेन, फिस्क आणि लेई या संशोधकांनी २००६ मध्ये मांडला. त्यात काम सर्वांत चांगले होण्याचे तापमान सुमारे २२ अंश सेल्सिअस आणि ३० अंशांवर कामात सुमारे ९ टक्के घट असे निघाले. पण २२ हा आकडा सगळीकडे लादण्यात अर्थ नाही. उष्ण हवेची सवय असलेल्या माणसांना त्याहून बऱ्याच वरच्या तापमानातही बरे वाटते, आणि एकाच खोलीत खिडकीजवळचा माणूस भाजत असतो तेव्हा वातानुकूलन यंत्राखालचा कुडकुडत असतो. जागा बदलण्याची मुभा, पडदे, पातळ सुती कपड्यांना परवानगी आणि हाताशी असलेला पंखा यांनी बहुतेक तक्रारी मिटतात. पंख्याची मात्र मर्यादा आहे. हवा ४० अंशांच्या वर गेली की पंखा अंगावर उष्णताच आणतो, म्हणून त्या खालच्या तापमानातच तो वापरावा, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे.

उन्हात, भट्टीजवळ किंवा पत्र्याखाली काम करणाऱ्यांच्या बाबतीत प्रश्न उत्साहाचा राहत नाही, जिवाचा होतो. हवामान वृत्तातले तापमान सावलीतले असते, आणि त्यात दमटपणा धरलेला नसतो. कामाच्या जागी मोजायचा तो आर्द्र गोलक निर्देशांक (डब्ल्यूबीजीटी), म्हणजे हवेचे तापमान, दमटपणा आणि किरणांची उष्णता एकत्र धरणारा आकडा. उघड्यावर त्यात ओल्या तापमापीला ७० टक्के, किरणांची उष्णता धरणाऱ्या काळ्या गोलकाला २० टक्के आणि कोरड्या तापमापीला १० टक्के वजन असते. आयएसओ ७२४३ हे त्याचे आंतरराष्ट्रीय मानक. हे मोजणारे हातात मावणारे उपकरण मिळते. ते कार्यालयाच्या टेबलावर ठेवून उपयोग नाही, माणूस जिथे उभा राहतो तिथे, त्याच्या छातीच्या उंचीवर धरून मोजावे लागते.

पाण्याचा हिशेब सोपा आहे. मध्यम कष्टाचे काम गरम हवेत चालू असेल तर दर १५ ते २० मिनिटांनी पाव लिटर पाणी, आणि तासाला सुमारे १.४ लिटरहून जास्त नाही. याचा अर्थ तासाला पाऊण ते एक लिटर. वीस माणसांच्या आठ तासांच्या पाळीला १२० ते १६० लिटर पिण्याचे पाणी लागते. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी २० लिटरचे दोन जार ठेवलेले असतात आणि दुपारनंतर ते रिकामे असतात. पाणी कामाच्या जागेपासून एक-दोन मिनिटांच्या आत असावे. घाम तासन् तास गळत असेल तर नुसते पाणी पुरत नाही, जेवणातून किंवा क्षारमिश्रणातून मीठही जायला हवे.

आणि इथे एक गोष्ट अगदी स्पष्ट लिहायला हवी. स्वच्छतागृह लांब, घाणेरडे किंवा असुरक्षित असेल तर माणसे, विशेषतः स्त्रिया, मुद्दाम कमी पाणी पितात. पिंप काठोकाठ भरलेले असते आणि तरी त्यांना चक्कर येते. पाण्याची व्यवस्था पाहायला येणाऱ्याने स्वच्छतागृह पाहिल्याशिवाय परत जाऊ नये. तसेच ज्याला नगावर मजुरी मिळते त्याच्यासाठी विश्रांती म्हणजे बुडालेली कमाई. त्याला सावलीत बसायला सांगायचे असेल तर त्या मिनिटांचे पैसे द्यावे लागतील, नाहीतर तो बसणार नाही.

रजा आणि उष्णता हे दोन विषय जिथे एकत्र येतात ती जागा सर्वांत धोक्याची, आणि तिच्याकडे जवळजवळ कोणाचे लक्ष नसते. शरीराला उष्णतेत काम करण्याची सवय व्हायला साधारण एक ते दोन आठवडे लागतात. आठवडाभर किंवा अधिक काळ थंड ठिकाणी राहून माणूस परतला की ही सवय बरीच उतरलेली असते. अमेरिकेतील ओशा या कामगार-सुरक्षा यंत्रणेच्या माहितीनुसार उष्णतेने झालेल्या कामगारांच्या मृत्यूंपैकी जवळजवळ निम्मे कामाच्या पहिल्याच दिवशी आणि ७० टक्क्यांहून अधिक पहिल्या आठवड्यात झालेले आहेत. म्हणून नव्या माणसाला पहिल्या दिवशी उष्णतेतले काम नेहमीच्या २० टक्केच द्यावे आणि रोज फार तर २० टक्क्यांनी वाढवावे. काम जाणणाऱ्या पण खंड पडलेल्या माणसाला पहिल्या दिवशी ५० टक्के, दुसऱ्या दिवशी ६०, तिसऱ्या दिवशी ८० आणि चौथ्या दिवशी पूर्ण. उरलेल्या वेळात सावलीतले हलके काम. पण प्रत्यक्षात काय होते? दोन आठवडे रजा घेऊन आलास ना, असे म्हणून पहिल्याच दिवशी त्याला सर्वांत जड काम दिले जाते. रजेच्या तक्त्यातच परतल्यानंतरचे तीन दिवस वेगळ्या रंगाने दाखवले, तर सुपरवायझरच्या हातून हे निसटत नाही.

कोणी असंबद्ध बोलू लागला, भांबावला किंवा कोसळला, तर तो उष्माघात समजावा. तातडीची वैद्यकीय मदत बोलवावी आणि ती येईपर्यंत थांबून न राहता सावलीत नेऊन जास्तीचे कपडे काढून गार पाण्याने अंग सतत भिजवत राहावे, वारा घालावा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नये. त्याला एकटे सोडू नये.

उन्ह टाळण्यासाठी पाळी लवकर सुरू करणे हा चांगला उपाय आहे. तो बिघडतो कुठे? पाळी तीन तासांनी अलीकडे ओढली जाते, त्या वेळी वाहन मिळत नाही, गरम रात्रीमुळे झोप आधीच अपुरी असते, आणि माणूस उन्हातून वाचून झोपेअभावी चुका करतो. एक ते दीड तासच अलीकडे यावे, जाण्यायेण्याची सोय आधी तपासावी आणि जड कामे सकाळच्या पहिल्या चार तासांत बसवावीत. दुपारी दोन ते पाच या वेळात आतली, बसून करायची कामे ठेवावीत.

मुलांच्या सुटीबद्दल थोडक्यात. घरून काम म्हणजे मुलांची सोय झाली, असे समजू नये. लहान मूल दिवसभर भोवती असताना सलग काम होत नाही, आणि ते होते आहे असे दाखवण्यातच पालक दमून जातात. त्यांना लवचीकपणाहूनही आधी खात्री हवी असते : पाळ्यांचा तक्ता दोन आठवडे आधी हातात, अर्ध्या दिवसाची रजा सहज मिळणे, आणि दिवसातले तीन-चार तास सोडून बाकी वेळ आपल्या सोयीने मागेपुढे करता येणे. ज्यांना यंत्रावर किंवा खिडकीवर उभे राहावेच लागते, त्यांना निदान पाळी बदलून घेण्याचा हक्क असावा आणि त्याला त्याच दिवशी होकार किंवा नकार मिळावा.

शुक्रवारी लवकर सोडण्याची पद्धत लोकांना आवडते, पण तिचे गणित सांगूनच ती सुरू करावी. आठवड्याचे ४० तास तेवढेच ठेवून शुक्रवारी चार तास आधी सोडायचे, तर सोमवार ते गुरुवार रोज एक तास जास्त बसावे लागते. दुसरा प्रकार म्हणजे दोन आठवड्यांचे ८० तास नऊ दिवसांत बसवणे : आठ दिवस नऊ तास, एक दिवस आठ तास आणि दहावा दिवस सुटी. कार्यालयात हे जमते. उष्णतेतल्या कष्टाच्या कामाला मात्र वाढीव तास लावू नयेत, तिथे वेळ खरोखरच कमी करावी लागते. ग्राहकांसमोर बसणारे कर्मचारी अशा सवलतीतून नेहमी वगळले जातात. त्यांचे दोन गट करून एकाआड एक शुक्रवार द्यावा. आणि गुरुवारी संध्याकाळी शुक्रवारचे काम कोणी आणून टाकू नये, यासाठी काम स्वीकारण्याची शेवटची वेळ बुधवारची ठेवावी.

उन्हाळ्यात सुपरवायझरने प्रत्येकाशी आठवड्यातून दहा मिनिटे बोलावे. प्रश्न तीनच : या आठवड्यात काय अडले, कोणाचे काम तुझ्याकडे आले, पुढच्या आठवड्यात काय काढून घेऊ? तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावर काहीतरी हालचाल झाली नाही, तर पहिल्या दोन प्रश्नांना पुढच्या वेळी खरी उत्तरे मिळत नाहीत. ज्याने दुसऱ्याचे काम सांभाळले त्याची नोंद नावानिशी ठेवावी आणि वार्षिक मूल्यमापनात ती धरावी. पाठीवर शाबासकीची थाप हवीच, पण पगारवाढीच्या वेळी ती नोंद कुणाला आठवली नाही तर माणूस पुढच्या उन्हाळ्यात हात आखडता घेतो.

समाधानाची लांबलचक प्रश्नावली भर उन्हाळ्यात फिरवू नये. निम्मे लोक रजेवर असतात आणि उरलेले घाईत भरतात. त्याऐवजी आयत्या वेळच्या रजा, तासानुसार चुका, कोणाचा ओव्हरटाइम किती, आणि रजेवरच्या माणसाला किती फोन गेले, एवढ्या चार नोंदी दर आठवड्याला पाहाव्यात. ओव्हरटाइमची एकूण बेरीज फसवी असते. ती त्याच दोन-तीन माणसांवर पडते आहे का, हे पाहावे.

हे पत्र रजा मंजूर करणारेही वाचतील आणि अर्ज करणारेही. कर्मचारी मित्रांना आमची विनंती अशी की आपल्या खात्यात रजेचा नियम लेखी आहे का, आपल्या बदली कोण आहे आणि त्याला अधिकार काय आहेत, हे तीन प्रश्न उन्हाळ्याआधी विचारा. मालक आणि खातेप्रमुखांना विनंती अशी की उन्हाळा संपल्यावर पंधरा दिवसांच्या आत, नोंदी ताज्या असताना, एक तास सगळ्यांसोबत बसा. कोणत्या आठवड्यात काम अडले, कोणत्या रकान्यात माणूस कमी पडला, पाणी कुठे संपले हे तक्त्यावरच लिहा, आणि त्याच बैठकीत पुढच्या वर्षी रजेचे अर्ज कोणत्या तारखेपासून घेणार ते जाहीर करा.

आपले,
मनुष्यबळ व्यवस्थापन व कामगार-सुरक्षा क्षेत्रातील काही वाचक